रेकॉर्ड जमवतो म्हणजे नेमकं काय जमवतो?

(जामखेड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. वक्त्यांनी मध्ये काही करून दाखवलं, ते कंसात दिलं आहे.)



जामखेडचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, डॉक्टर आरोळे पती-पत्नींनी १९७० मध्ये सुरू केलेलं आरोग्याचं काम. आणि दुसरी, जी तो जरा आवाज खाली आणून विचारतो, ती म्हणजे इथली कलाकेंद्रं. (हशा) मी आज बोलणार आहे तिसऱ्याच गोष्टीवर, पण शेवटी आपण कलाकेंद्रापाशीच पोचणार आहोत. तेव्हा कुणी उठून जाऊ नका.

विषय असा की, जुन्या लॅटिन, जॅझ, फंक वगैरे संगीताच्या रेकॉर्डी जमवणारी मंडळी जगभर आहेत. न्यूयॉर्कमध्ये आहेत, लंडनमध्ये आहेत, टोकियोत आहेत. आपल्याकडंही आहेत. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथं सकाळी सकाळी उकिडवं बसून बोटं काळी करणारी. मी त्यांच्यातलाच एक. आज मला स्वतःलाच एक प्रश्न विचारायचाय, तुमच्यासमोर. आम्ही रेकॉर्डी जमवतो म्हणजे नेमकं काय जमवतो?

या टेबलावर तीन रेकॉर्डी ठेवल्यात. तिघींच्या आधारानं बोलतो.

पहिली ही. अठ्ठ्याहत्तर आरपीएमची, जड, काळी. (उचलून दाखवतात) हिला प्लास्टिक समजू नका. ही लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा बसतो, त्याच्यापासून लाख होते. त्या लाखेत दगडाची भुकटी, काजळी असं मिसळून ही तबकडी दाबली जायची. जगभरच्या तबकड्यांना लाख लागायची आणि त्यातली बरीचशी हिंदुस्थानातून जायची. म्हणजे अमेरिकेत कुणी जॅझ ऐकत होता, तेव्हा त्याच्या रेकॉर्डमध्ये आपल्याकडच्या झाडांवरचा किडा होता असं म्हणायला हरकत नाही. आपल्या तबकड्या मुख्यतः कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात व्हायच्या. तो १९२८ चा. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. हातातून पडली की तुकडे.

ही रेकॉर्ड 'अलबेला' चित्रपटाची आहे. साल १९५१. गाणं 'शोला जो भडके'. लेबलवर नावं आहेत लता मंगेशकर आणि चितळकर. हे चितळकर म्हणजे कोण? तर संगीतकार सी. रामचंद्र स्वतः. गाताना चितळकर, संगीत देताना सी. रामचंद्र, मराठी चित्रपटात राम चितळकर. एकाच माणसाची तीन नावं. आणि हा माणूस कुठला? आपल्याच जिल्ह्यातला. जन्म पुणतांब्याचा, १२ जानेवारी १९१८. पुणतांबं म्हटलं की आपल्याला चांगदेवाची समाधी आठवते, अलीकडं २०१७ चा शेतकरी संप आठवतो. हिंदी चित्रपटात बोंगो घुमवणारा माणूस तिथला, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. (थोडे हात) बघा. आठ-दहा.

आता 'लॅटिन' म्हणजे काय, ते जरा बघू. ढोबळमानानं क्यूबा, पोर्तो रिको, ब्राझील या बाजूचं संगीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे ताल आणि स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांची गाणी, यांच्या मिश्रणातून झालेलं. रुम्बा, माम्बो, चाचाचा, सांबा ही त्याची पोरं. त्यात एक हिशेब पुन्हा पुन्हा येतो. (टेबलावर वाजवून दाखवतात) एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. तीन, तीन, दोन. आठ झाले की नाही? क्यूबात याला त्रेसियो म्हणतात. आपला केरवा किती मात्रांचा? आठ. आणि आपला ढोलकीवाला रंगात आला की त्या आठाचे तुकडे कसे पाडतो ते तुम्ही ऐकलेलं आहे. हिशेब एकच, वजन वेगळं. क्यूबाचं काही आपल्याकडून गेलं किंवा आपलं तिकडून आलं असं मी म्हणत नाही. सांगायचंय इतकंच, की ज्या दिवशी हा ताल आपल्या कर्ण्यावरून वाजला, त्या दिवशी आपल्या कानाला तो परका वाटला नाही. पाय आपोआप हलला.

पण सी. रामचंद्रांपर्यंत हा ताल पोचला कसा? ते काही क्यूबाला गेले नव्हते. शिकले ते पुण्यात, विनायकबुवा पटवर्धनांकडं, म्हणजे शुद्ध ग्वाल्हेर घराण्याची तालीम. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला. पुढं १९४२ मध्ये मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा पालव, यांचा 'सुखी जीवन' मिळाला. ग्वाल्हेरच्या तालमीतून बोंगोपर्यंतची वाट गेली ती गोव्यावरून.

गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य १९६१ पर्यंत. चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवायचे, प्रार्थनेला वाजवायला माणसं हवीत म्हणून. ती पोरं मोठी झाली की पोटासाठी मुंबईला. हॉटेलात, क्लबात, मूकपटांच्या थिएटरात वाजवायची. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्टर ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांचं ऐकून आमची गोव्याची मंडळी जॅझ शिकली. त्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्याचं बँडमधलं नाव चिक चॉकलेट.

मग १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. (हशा) हसू नका, दारूबंदीचा आणि संगीताचा संबंध आहे. दारू गेली तशी हॉटेलातल्या नाचाची रयाही गेली आणि वाजवणाऱ्यांना काम उरलं नाही. ते वळले फिल्म स्टुडिओकडं. तिथं संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, आणि ती कागदावर लिहून कुठलं वाद्य कुठं येईल, मागं कुठले स्वर भरायचे, हे बसवायचे ते गोव्याचे अरेंजर. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. त्यांच्या जोडीला कावस लॉर्ड यांच्यासारखे पारशी वादक. बोंगो, काँगा अशी लॅटिन तालवाद्यं स्टुडिओत आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आणि चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक झाला.

आता या लेबलवर बघा. (रेकॉर्ड पुढं धरतात) गायक आहेत. चित्रपट आहे. कंपनीचा कुत्रा आहे. चिक चॉकलेट नाही. बोंगो वाजवणारा नाही. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो वाजवणारे नाहीत. ज्या आवाजामुळं ही रेकॉर्ड आज परदेशातला संग्राहक शोधत येतो, तो आवाज काढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव या तबकडीवर नाही. 'अलबेला'मध्ये दुसऱ्या एका गाण्यात चिक आणि त्याची माणसं झालरी लावलेले लॅटिन कपडे घालून पडद्यावर दिसतात. चेहरा दिसतो, नाव नाही.

इथं मला दोन प्रकारच्या जाणकारांशी भांडायचंय.

पहिले आपले मराठी रसिक. नाट्यसंगीत, भावगीत यांच्यावर जीव असलेले. यांना विचारलं तर म्हणतात, सी. रामचंद्र मोठाच माणूस, पण ते उडतं काम सोडून बोला. ती सगळी नक्कल हो. यात खरं किती? अर्धं. १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' घ्या. त्याची चाल १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटातल्या 'चिको चिको' नावाच्या गाण्यावरून सरळ उचललेली आहे. ते मान्य करायलाच पाहिजे. आपला माणूस म्हणून झाकायचं कारण नाही.

पण ज्याची नक्कल केली ते तरी अस्सल होतं का? पोर्तो रिकोच्या माणसाबद्दलचं ते गाणं लिहिलं हॉलिवूडच्या दोन व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी. गायली कार्मेन मिरांडा. तिचा जन्म पोर्तुगालचा, वाढली ब्राझीलमध्ये, डोक्यावर फळांची टोपली ठेवून अमेरिकेत 'लॅटिन' म्हणून विकली गेली. म्हणजे जे 'लॅटिन' आपल्याकडं आलं, ते आधीच एक सोंग होतं. ते सोंग मुंबईत उतरवून घेतलं गोव्याच्या माणसांनी, ज्यांना संगीत शिकवलं होतं पोर्तुगीजांच्या चर्चनं. आणि चाल गाऊन दाखवली पुणतांब्याच्या माणसानं. या साखळीत मूळ कुठलं, नक्कल कुठली, हे ठरवायला बसलो तर सकाळ होईल. त्यापेक्षा समीक्षेनं विचारावं की गाणं म्हणून काय झालं?

माझं मत सांगतो. 'गोरे गोरे' चटकदार आहे, पण ते उसनंच राहतं. अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा आहे हे कळतं. 'शोला जो भडके' तसं नाही. एकतर त्यात बोंगो शोभेला नाही, गाणं त्याच्यावर उभं आहे. दुसरं, चाल लहान लहान तुकड्यांची आहे. ती म्हणायला तयार गळा लागत नाही. लताबाईंचा आवाज एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चितळकरांचा, जो कुणाही हौशी माणसाचा वाटावा असा. मुद्दाम तसा ठेवलेला. पडद्यावर भगवानदादा. गिरणी कामगाराचं पोर, आडव्या अंगाचा माणूस. तो नाचतो किती? जेमतेम. हात जरासे हलवतो, पाऊल इंचभर सरकवतो. ही भगवानदादांची स्टेप. तुमच्यापैकी किती जणांनी वरातीत केली आहे? (हशा, टाळ्या) सगळ्यांनी. कारण ती सगळ्यांना येते. क्यूबाचा नाच अंगात यायला वर्षं लागतात. सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांनी त्या तालावर एक असा नाच बसवला की सोळा वर्षांचं पोरगं आणि नवरदेवाचा मामा, दोघांनाही जमावा. हे नकलेचं काम नाही. हे आपल्याकडचं माणूस ओळखून केलेलं काम आहे. माझ्या लेखी सी. रामचंद्रांच्या मोठेपणात विरहगीतांच्या बरोबरीनं हे गाणं बसतं.

दुसरे जाणकार बाहेरचे. त्यांच्यासाठी ही दुसरी रेकॉर्ड. ही नवी छपाई आहे, २०१० ची, हॉलंडमधली. मूळ रेकॉर्ड १९८२ ची, आपल्याच ग्रामोफोन कंपनीनं काढलेली. चरणजीत सिंग नावाचे मुंबईच्या स्टुडिओतले वादक. त्यांनी तेव्हा नव्यानं आलेली जपानी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली आणि भैरव, मालकंस, कलावती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली. त्यानं आठ वर्षांनी पुन्हा छापली आणि जगभर बोलबाला झाला. का? तर १९८७ च्या सुमारास शिकागोत 'ॲसिड हाऊस' नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला, त्यातलं यंत्र आणि चरणजीत सिंगांचं यंत्र एकच. म्हणजे यांनी ते पाच वर्षं आधी केलं!

या संग्राहकाचे उपकार आहेत, हे आधी सांगतो. तो नसता तर चरणजीत सिंग २०१५ मध्ये वारले तेव्हा कुणाला पत्ता लागला नसता. पण ऐकण्याची ही तऱ्हा मला खटकते. रेकॉर्डचं मोल काय? तर ती शिकागोच्या आधीची आहे. म्हणजे फूटपट्टी शिकागोची. मग मालकंस कसा वाजवलाय, त्यात गंमत आहे की नुसती स्वरांची चढउतार आहे, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर त्यातले दोन-तीन राग फार सुंदर जमलेत, आणि काही ठिकाणी ठेका पुढं पळतो आणि राग मागं राहतो. हे मत चूक असेल, पण निदान ते रेकॉर्डबद्दल आहे. कॅलेंडरबद्दल नाही.

अमान्सियो डिसिल्व्हाचं तेच. गोव्याच्या घरातला, मुंबईत जन्मलेला गिटारवादक, लंडनला गेला. १९६९ मध्ये जो हॅरियट या जमैकाच्या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यानं 'हम दोनो' नावाची एलपी काढली. आज तिची मूळ प्रत मिळणं मुश्कील, मिळाली तर किंमत ऐकून चक्कर येते. पण किंमत सांगणारे पन्नास भेटतात. तिच्यात गिटार सतारीच्या वळणानं कुठं जाते आणि कुठं मुद्दाम जात नाही, यावर बोलणारा मला एखादाच भेटला.

आता तिसरी. ही लहान, पंचेचाळीसची ईपी. कोंकणी गाणी. क्रिस पेरी आणि लॉर्ना. क्रिस पेरी मडगावचे, १९२८ चा जन्म, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचे. त्यांना चाचाचाचा राजा म्हणायचे. लॉर्ना कोर्देरो ही मुंबईची, त्यांच्या बँडची गायिका. साठ-सत्तरच्या दशकात या दोघांनी कोंकणीत चाचाचा, जॅझ, सोल, सगळं आणलं. ती रेकॉर्ड आणि ही रेकॉर्ड शेजारी ठेवा. वाजवणारी माणसं एकाच गावागावातली. पण 'अलबेला'च्या लेबलवर ती नाहीत आणि इथं क्रिस पेरी हे नाव ठळक आहे. ती चाकरी होती, हे स्वतःचं दुकान. आणि कानालाही तो फरक कळतो. हिंदी गाण्यात ट्रम्पेट ओळ संपली की पोकळी भरायला येतो आणि गायक आला की नमस्कार करून बाजूला होतो. क्रिस पेरींकडं ट्रम्पेट लॉर्नाशी हुज्जत घालतो. ती एक म्हणते, तो दोन म्हणतो. गाणं दारुड्याचं असो की प्रेमाचं, घरात दोन माणसं बरोबरीची आहेत असं वाटतं. लॉर्ना पुढं जवळजवळ दोन दशकं गायली नाही. १९९५ मध्ये 'हॅलो लॉर्ना' घेऊन परत आली, तेव्हा गोव्यात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिच्या जुन्या रेकॉर्डी घरोघर जपल्या होत्या म्हणून हे झालं. तिथं रेकॉर्ड ही वस्तू नव्हती, वाट बघणं होतं.

मंडळी, इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. आता माझी सांगतो.

तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, आपल्या भागात रेकॉर्डी कुणाकडं असायच्या? घरोघर नसायच्याच. असायच्या त्या लाऊडस्पीकरवाल्याकडं. लग्न, जत्रा, गणपती, नाहीतर तंबूतला टुरिंग टॉकीज. एक पत्र्याची पेटी, त्यात रेकॉर्डी, एक ॲम्प्लिफायर, आणि लिंबाच्या झाडाला उलटा बांधलेला कर्णा. तीन कोसांवर कळायचं की आज अमक्याच्या वाडीत लग्न आहे.

माझ्या ओळखीतून अशाच एका लाऊडस्पीकरवाल्याच्या घरचा निरोप आला. म्हातारा गेला होता. घराचं पत्र्याचं छप्पर, माळ्यावर पेटी. त्याच्या मुलाला जागा मोकळी करायची होती. मी गेलो. दीड-पावणेदोनशे तबकड्या. मी काय केलं? जे प्रत्येक संग्राहक करतो ते. उजेडात एकेक तिरकी धरून बघितली. चकचकीत तेवढ्या बाजूला काढल्या. चाळीसेक निघाल्या. ठरलेले पैसे दिले. बाकीच्या घासलेल्या, काळ्याच्या करड्या झालेल्या. त्यांना खोबणीत सुई बसेना अशी अवस्था. 'अलबेला'ची रेकॉर्ड त्यातच होती, आणि ती इतकी वाजलेली होती की मधला भाग पांढुरका पडला होता. म्हटलं, ही काय करायची. ठेवली तिथंच.

पेटीच्या तळाला एक वही होती. लांबट, वाण्याच्या खात्यासारखी. मी चाळली. म्हाताऱ्यानं प्रत्येक सुपारीचा हिशेब लिहिला होता. गाव, कुणाचं लग्न, किती रुपये, आणि पुढं दोन-चार गाण्यांची नावं आणि समोर रेघा. मला वाटलं, हिशेबाची वही आहे, मुलाच्या कामाची असेल. ती पण ठेवली. घरी येताना गाडीत लक्षात आलं की त्या रेघा म्हणजे फर्माइशी. कुठल्या गावानं कुठलं गाणं किती वेळा लावायला सांगितलं, त्याची नोंद. गाडी वळवायला हवी होती. वळवली नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात यायचंच आहे.

पुढच्या महिन्यात गेलो, तर पेटी नव्हती. भंगारवाला घेऊन गेला. वही? "ती होय, ती पण रद्दीत गेली साहेब, तुम्ही तर बघून ठेवली होती." पोरगा बरोबर बोलला. मी बघून ठेवली होती.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. मी त्या दिवशी चाळीस चकचकीत रेकॉर्डी घरी आणल्या. म्हणजे काय आणलं? जी गाणी कुणी मागितली नाहीत, ती आणली! (हशा) हसण्यासारखंच आहे. रेकॉर्ड चकचकीत राहिली कारण ती वाजली नाही. बाजारात जिला सर्वांत जास्त भाव, ती आपल्या गावानं न ऐकलेली. आणि जी गावानं ऐकून ऐकून झिजवली, तिला भंगारचा भाव. लंडनच्या संग्राहकानं चकचकीत प्रत मागावी, त्याचं मी समजू शकतो. त्याला आवाज हवाय. मी इथला माणूस. मला कळायला हवं होतं की पांढुरका पडलेला तो मधला भागच सांगत होता की पुणतांब्याच्या माणसाचं गाणं आपल्या माळरानावर किती वेळा वाजलं. आणि वही तर गावांची नावं सुद्धा सांगत होती. लेबलवर वादकांची नावं नाहीत म्हणून मी कंपनीला बोल लावतो. ऐकणाऱ्यांची नावं मी स्वतः रद्दीत घातली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुणी वाजवलं आणि कुणी ऐकलं, या दोन गोष्टी बरोबर नसतील तर तो रेकॉर्डींचा साठा आहे, संग्रह नाही. संग्रह करणं ही समीक्षाच आहे. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवताना आपण मत देत असतो. मग ते मत कानानं द्यावं, बाजारभावानं नाही. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची एक सोसायटी आहे, 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. त्यांनी 'रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं, याद्या केल्या, एकत्र बसून ऐकण्याचे कार्यक्रम केले. ती दिशा बरोबर आहे. पण लाऊडस्पीकरवाल्याच्या वह्या गोळा करायला मुंबईहून कुणी येणार नाही. ते आपणच करायचं.

तुमच्या माळ्यावर रेकॉर्डी असतील तर चार गोष्टी ऐका. एक, पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात वाकतात. आणि एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, वह्या-पुस्तकांसारख्या. दोन, लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं. तीन, एलपीच्या सुईवर अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड लावू नका. तिची खोबण जवळजवळ तिप्पट रुंद, तिला वेगळी सुई लागते. जुन्या चावीच्या फोनोवर लावणार असाल तर पोलादी पिन दर बाजूला नवी. चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि कुणीच करत नाही. एक कागद घ्या. ही रेकॉर्ड कुणी आणली, कुठून, कुठल्या लग्नात वाजली, आजीला कुठलं गाणं आवडायचं, हे पेन्सिलीनं लिहा आणि पाकिटात ठेवा. रेकॉर्डींची घड्याळं आणि वाडगे करून विकणारी मंडळी आता निघाली आहेत. त्यांना द्यायच्या आधी निदान तो कागद लिहा.

आता ही 'अलबेला' लावतो. ही मला नंतर जुन्या बाजारात मिळाली, बरीच घासलेली आहे. खरखर येईल. खरखरीसकट ऐका.

(रेकॉर्ड वाजवतात. टाळ्या.)

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, आमच्या घरी शंभर-सव्वाशे रेकॉर्डी आहेत. किती येतील?

उत्तर : (हशा) दादा, तासभर मी काय बोललो? बरं, खरं उत्तर देतो. हिंदी चित्रपटाच्या खूप खपलेल्या तबकड्यांना फारसे येत नाहीत, कारण त्या भरपूर आहेत. विकायच्या तर विका, त्यात पाप नाही. फक्त आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एकदा सगळ्या वाजवा. ते काय बोलतात ते मोबाइलवर टिपून घ्या. मग विका.

प्रश्न : मी ढोलकी वाजवतो. इथल्याच एका बारीत होतो पंधरा वर्षं. आमच्याकडं फर्माइशीला हे गाणं यायचं. बाया पेटीवर आन् ढोलकीवर म्हणायच्या. तुम्ही मघाशी ते तीन-तीन-दोन वाजवलं, तसंच वाजवायचो. ते परदेशातलं हाये हे आज कळलं.

उत्तर : मामा, तुम्हाला कुणी शिकवलं होतं ते तसं वाजवायला?

प्रश्नकर्ते : माझ्या मामानं. त्यांनी कर्ण्यावर ऐकून बसवलं होतं.

उत्तर : कुठल्या गावात ऐकलं?

प्रश्नकर्ते : ते इचारलं नाही कधी. पर सांगतो, खर्ड्याच्या बाजूचे होते ते. त्यांची एक ढोलकी अजून हाये घरी.

उत्तर : कार्यक्रम संपला की मला भेटल्याशिवाय जाऊ नका. या वेळी मी वही आणली आहे.